डावीकडचं वजन

सकाळी 8.40. परळ. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पेशंटांचे नातेवाईक चटया गुंडाळताहेत. त्यांच्यातून वाट काढत ताई खोलीवर पोचतात. कल्याणहून दीड तास, बहुतेक उभ्यानंच. पिशवीत होजिअरीचं कापड आणि दोन किलो मोहरी.

9.15. पुठ्ठ्याचा साचा, खडूची खूण, कात्री. ऑपरेशनात स्तन काढलेल्या बायकांसाठी ताई पॅड शिवतात. बाजारात सिलिकोनचा पॅड हजारोंच्या घरात जातो. इथे बाईला फुकट. एक संस्था ताईंना नगामागे 50 रुपये देते. दोरा ताईंचा.

आधी मोहरीची पुरचुंडी. ती तराजूवर जाते. 150, 200, 250 ग्रॅम. भोवती कापूस, वरून मऊ कापड, मग टीप, पुरचुंडी बाहेर काढता येईल अशी. वजन लागतंच. नुसता कापूस ब्लाउजमध्ये वर सरकतो. शिवाय एका बाजूचा भार गेला की खांदा हळूहळू वाकडा होतो.

11.00. जळगावकडच्या काकू. ऑपरेशनला दोन आठवडे झालेत. आत हातरुमाल कोंबलाय, सेफ्टी पिनेनं अडकवून. ताई आधी पिन काढतात.

"जखम ओली आहे, काकू. आत्ता कापसाचाच घ्या. डॉक्टर हो म्हणाले की मोहरीचा देते."

काखेतल्या गाठीही काढल्यात. त्या बाजूचा हात सुजू शकतो, म्हणून घट्ट बांगड्या उतरवायच्या. काकू बांगड्यांकडे बघत राहतात. साबण लावून एकेक काढायला वीस मिनिटं जातात. कोणी घाई करत नाही. ही वीस मिनिटं मजुरीत धरायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

2.30. डबा खाऊन लगेच मशीन. बँकेत नोकरी करणारी मुलगी आलीय. दुसरा केमो झाला, केस मुठीनं येताहेत. तिच्यासाठी सुती टोपी. शिवण बाहेरच्या बाजूला, नाहीतर उघड्या डोक्याला टोचते.

"भुवया पण जातील?"

"जाऊ शकतात. परत येतात." ताई पेन्सिलीनं तीन ठिपके देतात. सुरुवात, कमान, शेवट. मधलं तिनंच भरायचं. दोनदा पुसून तिसऱ्यांदा जमतं.

5.45. हिशेब. सहा पॅड, 300. दोन टोप्या, 30 प्रमाणे 60. रीळ 25 वजा.

6.10. दाराला कुलूप लावणार तोच एक जुनी पेशंट येते. हातातला पॅड फुगलेला, हिरवट. तसाच धुतलाय. मोहरीला मोड आलेत. दोघी खळखळून हसतात. ताई पर्स खाली ठेवून उसवायला घेतात.

"धुताना पुरचुंडी बाहेर काढायची, वहिनी. थांबा, दोन देते. एक वाळत पडला तरी दुसरा राहील."