जुन्या यंत्रांची वीज (लेखांक १४) : लाल दिव्याचं काम

डोझरच्या पात्यावर वेल्डिंग करताना ऑल्टरनेटरच्या तारा आधी का सोडायच्या, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. चंद्रपूरहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यांचा डोझर अडून बसलाय. शिवाय त्यांनी ज्या बारीक तारेबद्दल विचारलंय, तिच्यावर एक अख्खा लेखांक लिहायचं माझ्या मनात कधीपासून आहे.

हकीकत अशी. त्यांनी खाणीवरचा एक जुना डोझर लिलावात घेतला. डायनॅमो जळका होता. वायरमनने त्या जागी आत रेग्युलेटर असलेला, २४ व्होल्ट ३५ अँपिअरचा ऑल्टरनेटर चढवला. जाड तार मागच्या लेखांकात सांगितल्याप्रमाणे नवी ओढली, पट्टाही ताणून बसवला. इंजिन सुरू होतं, पण चार्जिंग नाही. ऑपरेटरने जोरात रेस दिली की अँपिअर मीटरचा काटा एकदम उडी मारतो आणि मग इंजिन बंद करेपर्यंत चार्जिंग सुरळीत चालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऑल्टरनेटर दोनदा बदलून झाला. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय की चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतच नाही, पण चावी बंद केली की तो मंद पेटलेला दिसतो.

या शेवटच्या ओळीतच दुखणं सापडतं. ते समजण्यासाठी डायनॅमो आणि ऑल्टरनेटर यांच्या स्वभावातला एक फरक पाहायला हवा.

डायनॅमोच्या लोखंडी पोलमध्ये थोडं चुंबकत्व कायम शिल्लक असतं. इंजिन फिरलं की तेवढ्यावर आर्मेचरमध्ये जराशी वीज होते, ती फील्डमध्ये जाते, चुंबक बळावतो, वीज वाढते. बाहेरून काही द्यावं लागत नाही. तिथला लाल दिवा फक्त खबर देतो. तो फ्यूज झाला तरी चार्जिंगचं काही बिघडत नाही. ज्यांची हयात डायनॅमोवर गेली ते वायरमन दिव्याला महत्त्व देत नाहीत, ते यामुळेच.

१९६०मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंट मोटारीत ऑल्टरनेटर दिला आणि पुढच्या काही वर्षांत डायनॅमो मागे पडला. सिलिकॉन डायोड स्वस्त आणि लहान झाले म्हणून हे जमलं. पण प्रत्येक डायोड उघडायलाच सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात आणि प्रवाहाला एका वेळी दोन डायोडांतून जावं लागतं. रोटरमधलं शिल्लक चुंबकत्व आधीच किरकोळ. स्लो आरपीएमला त्याच्या जोरावर सव्वा-दीड व्होल्टही तयार होत नाहीत, मग डायोड उघडणार कसे? म्हणून सुरुवातीची वीज बॅटरीने द्यायची असते, जुन्या हातपंपात आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं तशी.

ही वीज जाते लाल दिव्यातून. बॅटरी, चावी, दिवा, मग बारीक तारेने ऑल्टरनेटरचं डी प्लस टोक (लुकासच्या बनावटीत आयएनडी), तिथून रेग्युलेटर, कार्बन ब्रश, रोटर आणि शेवटी अर्थ. २४ व्होल्टचा ३ वॅटचा दिवा असेल तर सुमारे १२५ मिलिअँपिअर जातात. रोटर जागा करायला तेवढे पुरतात. एकदा तो जागा झाला की आतले तीन छोटे डायोड डी प्लसला घरचीच वीज देतात. मग दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच २८ व्होल्ट, म्हणून तो विझतो. विझण्याआधी त्याचं काम झालेलं असतं.

आता चंद्रपूरच्या डोझरकडे. डायनॅमोच्या रेग्युलेटरच्या खोक्यावर ए, डी, एफ आणि ई अशी टोकं असतात (अमेरिकन खोकं असेल तर बॅट, जेन, फील्ड). ए बॅटरीकडे जातं, डी डायनॅमोच्या जाड टोकाकडे, एफ फील्डकडे. दिव्याची तार डीवर असते. ऑल्टरनेटरला हे खोकं नकोच, म्हणून वायरमन ते काढून ए आणि डीच्या तारा एकत्र बांधतो. हे बरोबर आहे. पण दिव्याची तार डीबरोबर तशीच राहिली तर ती बॅटरीच्या प्लसवर येते. चावी चालू केली की दिव्याच्या दोन्ही टोकांना बॅटरीचाच प्लस, मग तो लागत नाही. चावी बंद केली की प्लस उलट बाजूने दिव्यातून शिरून अवरमीटर आणि इतर उपकरणांमार्गे अर्थला पोचतो, म्हणून तो मंद पेटतो. इकडे एफची तार डी प्लसवर इमानाने जोडलेली असली तरी तिच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

उपाय असा. आधी बॅटरीची केबल सोडा. दिव्याची तार डीच्या जुडग्यातून बाहेर काढा आणि एफच्या तारेला जोडा. थिंबल दाबा, सोल्डर करा, स्लीव्ह चढवा. ए आणि डी एकत्रच राहू द्या. आता चावी फिरवल्यावर दिवा झगझगीत लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे.

खात्री करायची एक युक्ती मी इथे कोलकात्यात, पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड जिथे मिळतात त्या मल्लिकबाजारात शिकलो. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा हा बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तिथला एक म्हातारा मिस्त्री मीटरला हात लावत नाही. इंजिन बंद, चावी चालू. तो स्क्रूड्रायव्हरचं टोक ऑल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ हळूच नेतो. रोटरमध्ये प्रवाह असेल तर टोक खट्‌कन ओढलं जातं. चावी बंद केली की ते सैल सुटतं. ओढ नसेल तर दिवा, तार किंवा ब्रश यांपैकी काहीतरी तुटलंय. ऑल्टरनेटर खोलायच्या आधी हे करून पाहा.

बल्ब आणि होल्डरकडेही लक्ष द्या. शहराच्या पूर्वेला धापा इथे कोलकात्याचा कचरा जातो आणि डोझर तो पसरत असतात. कचऱ्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने तांबं-पितळ काळं पडतं, त्यात इथली दमट हवा. होल्डरमधली छोटी पितळी पट्टी काळवंडली की दिवा लागेनासा होतो. ट्रकची वाट पाहत डोझर स्लो आरपीएमवर उभा असतो आणि ७० वॅटचे चार दिवे चालू असतात, म्हणजे जवळजवळ १२ अँपिअर बॅटरीतून जात राहतात. कुणी रेस दिली नाही तर पहाटे स्टार्टर नुसता टकटक करतो. अशा जागी वर्षातून एकदा पट्टी घासा आणि बल्ब बदला.

तीन चुका टाळा. पहिली, फ्यूज बल्बच्या जागी नुसता एलईडी लावू नका. तो मोजकेच मिलिअँपिअर सोडतो, रोटर जागा होत नाही. एलईडीच हवा असेल तर समांतर २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा. दुसरी, दिवा वगळून डी प्लसला सरळ बॅटरी देऊ नका. साधारण १२ ओहमच्या रोटरमधून २ अँपिअर वाहत राहतात. रात्रीच्या १२ तासांत २४ अँपिअर-तास गेले आणि रोटर तापला तो वेगळाच. तिसरी, डायनॅमोची मोठी पुली ऑल्टरनेटरवर चढवू नका. इंजिन ६०० आरपीएमवर असताना दीडपट गतीने ऑल्टरनेटर ९०० वरच फिरतो, अडीचपट मिळाली तर १५००. दिवा लागतो, पण थोडी रेस दिल्याशिवाय विझत नाही, तेव्हा तारांआधी पुली मोजा.

जुन्या कॅटरपिलर डोझरांच्या डॅशवर अनेकदा फक्त अँपिअर मीटर असतो, दिवा नसतोच. तिथे आपण तो बसवायचा: २४ व्होल्ट, ३ वॅट, घट्ट बसणारा होल्डर, ऑपरेटरच्या नजरेसमोर. या मालिकेत मी एवढ्या आग्रहाने सांगितलेली दुसरी गोष्ट नाही. जाड तारेची काळजी सगळेच घेतात. ऑल्टरनेटर मात्र बारीक तारेवर जागा होतो, आणि ती तार चुकली की चांगला माल खराब म्हणून परत केला जातो.

चंद्रपूरच्या वाचकांनी तार बदलून दिवा कसा वागतो ते जरूर कळवावं. पुढच्या आठवड्यात वेल्डिंग आणि डायोड. दरम्यान आपला डोझर निगेटिव्ह अर्थचाच आहे ना, एवढं प्रत्येकाने पाहून ठेवा. जुन्या ब्रिटिश यंत्रांत पॉझिटिव्ह अर्थ सापडतो, आणि अशा यंत्रावर ऑल्टरनेटर तसाच जोडला तर त्याचे डायोड त्याच क्षणी जातात.