गोल्फच्या नियमांतील स्थिर चेंडू : हलणे, उचलणे व पूर्वस्थानी ठेवणे – एक विवेचन

प्रस्तावना :

कन्हान नदीच्या एका तीरावर कन्हान हे गाव, तर दुसऱ्या तीरावर १८२१ मध्ये वसविण्यात आलेली कामठीची लष्करी छावणी आहे. इंग्रजी अमलात गोल्फ हा खेळ भारतात आला तो बंदरांच्या आणि अशा छावण्यांच्या आश्रयाने. कलकत्त्यात १८२९ मध्ये व मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाले. तथापि छावणीच्या कुंपणाबाहेरील समाजाशी या खेळाचा संबंध अल्पच राहिला. पुण्याचे उदयन माने यांनी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले, तेव्हा मराठी वाचकांचे लक्ष या खेळाकडे काही प्रमाणात वळले; परंतु त्याची नियमव्यवस्था आजही अपरिचित आहे.

वस्तुतः या व्यवस्थेचे मूळ तत्त्व अनोळखी नाही. गोट्यांच्या खेळात गोटी जिथे थांबते तिथूनच पुढचा नेम धरावा लागतो आणि कोणी ती बोटाने किंचित सरकवली तर भांडण ठरलेले असते. गोल्फचेही तसेच आहे. चेंडू जिथे व जसा पडला असेल तिथून व तसाच तो खेळावा, हा त्याचा पाया होय. मात्र मैदान विस्तीर्ण, खेळ चार-पाच तासांचा आणि प्रत्येक खेळाडूबरोबर पंच नाही. अशा स्थितीत चेंडू हलला किंवा उचलावा लागला, तर न्याय कसा करावयाचा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

नियमांची पार्श्वभूमी :

गोल्फचे सर्वांत जुने ज्ञात लिखित नियम १७४४ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे तयार झाले. ते अवघे तेरा होते. त्यांतही चेंडू उचलण्याचा विचार आढळतो. दोन चेंडू एकमेकांस चिकटून असल्यास पुढचा चेंडू उचलून मागचा आधी खेळावा, तसेच पाण्यात गेलेला चेंडू बाहेर काढता येईल, पण त्याबद्दल प्रतिस्पर्ध्यास एक फटका द्यावा, अशा त्या तरतुदी होत्या. म्हणजे चेंडू उचलण्याची मुभा आणि तिचे मोल, या दोन्ही कल्पना प्रारंभापासूनच आहेत. सध्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची गोल्फ संघटना या दोन संस्था संयुक्तपणे नियम ठरवितात. २०१९ च्या व्यापक फेररचनेत नियमांची संख्या ३४ वरून २४ वर आणली गेली. त्यांतील नववा नियम स्थिर चेंडू हलणे व उचलणे यासंबंधीचा आणि चौदावा तो परत ठेवण्याच्या पद्धतीसंबंधीचा आहे.

चेंडू हलणे :

चेंडू हलला असे केव्हा म्हणावे? स्थिर चेंडू आपली जागा सोडून दुसऱ्या जागी थांबला आणि हा बदल नुसत्या डोळ्यांनी दिसू शकत असेल, तरच तो हलला असे मानतात. जागच्या जागी डगमगून पूर्वस्थितीत आलेला चेंडू हललेला नसतो. त्यानंतर कारणाचा शोध घ्यावा लागतो. नियमांनी चार कारणे मानली आहेत.

१) नैसर्गिक शक्ती : वारा, पाणी अथवा गुरुत्वाकर्षणाने चेंडू हलल्यास सामान्यतः दंड नाही, मात्र तो नव्या जागेवरूनच खेळावा लागतो. पुटिंग ग्रीनवर एकदा उचलून परत ठेवलेला चेंडू वाऱ्याने सरकला, तर तो पुन्हा मूळ जागी ठेवावा लागतो.

२) स्वतः खेळाडू : खेळाडूने चेंडू हलविल्यास एका फटक्याचा दंड होतो व चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो. चेंडू शोधताना किंवा पुटिंग ग्रीनवर तो अनवधानाने हलल्यास दंड नाही.

३) प्रतिस्पर्धी : एकास एक अशा सामन्यात प्रतिस्पर्ध्याने चेंडू हलविल्यास, काही अपवाद वगळता, एका फटक्याचा दंड त्याला होतो.

४) बाह्य घटक : कावळ्याने चेंडू उचलला, कुत्र्याने पळविला किंवा प्रेक्षकाच्या पायाने तो सरकला, तर कोणासही दंड नाही. चेंडू मूळ जागी ठेवावा. तो सापडला नाही तर त्या जागी दुसरा ठेवावा.

शेवटच्या तीन कारणांसाठी खात्री आवश्यक असते आणि तिची मर्यादा नियमांनी किमान ९५ टक्के शक्यता अशी ठरविली आहे. तेवढी खात्री नसल्यास निसर्ग हेच कारण मानले जाते.

चेंडू उचलणे :

चेंडू मूळ जागी परत ठेवावयाचा असेल, तर उचलण्यापूर्वी त्या जागेवर खूण करणे अनिवार्य आहे. यासाठी नाणे अथवा लहान चकती त्याच्या लगत मागे वा बाजूला ठेवतात. खूण न करता चेंडू उचलल्यास एका फटक्याचा दंड होतो. पुटिंग ग्रीनवर चेंडू केव्हाही उचलून पुसता येतो. अन्यत्र तो आपलाच आहे की नाही हे ओळखण्यासाठी, तो फुटला काय हे पाहण्यासाठी किंवा दुसऱ्याच्या खेळात अडथळा येतो म्हणून उचलला असेल, तर तो पुसता येत नाही. फक्त ओळखण्यापुरती माती काढता येते. मुभेच्या आडून लाभ घेतला जाऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

काही प्रसंगी चेंडू मूळ जागी न ठेवता अन्यत्र घेता येतो. साचलेले पावसाचे पाणी, दुरुस्तीखालील जमीन, प्राण्याचे बीळ यांपासून विनादंड सुटका मिळते. झुडपात अडकलेला चेंडू खेळणे अशक्य वाटल्यास एका फटक्याच्या मोलाने तो बाहेर घेता येतो. २०१९ पासून असा चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडावयाचा असतो. चुकीच्या जागेवरून चेंडू खेळल्यास मात्र फटक्यांच्या मोजणीवर आधारित स्पर्धेत दोन फटक्यांचा दंड होतो आणि एकास एक सामन्यात तो होलच गमवावा लागतो.

गाजलेली प्रकरणे आणि नियमबदल :

१९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू फटक्याच्या तयारीत असताना गवतात किंचित हलला. इतर कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. तरीही त्यांनी स्वतःला एका फटक्याचा दंड लावून घेतला. पुढे बरोबरी झाली आणि निर्णायक फेरीत ते पराभूत झाले.

२०१६ च्या याच स्पर्धेत डस्टिन जॉन्सन यांचा चेंडू पाचव्या ग्रीनवर हलला. दंड होईल की नाही, हे उरलेल्या खेळात अनिश्चितच राहिले व तो अखेर लावला गेला. जॉन्सन जिंकले, परंतु अनवधानाच्या हालचालीस शिक्षा असावी काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. २०१७ पासून ग्रीनवरील अशा हालचालीचा दंड रद्द करण्याची मुभा स्थानिक नियमाने दिली गेली व २०१९ मध्ये ती तरतूद मुख्य नियमांत आली.

एप्रिल २०१७ मध्ये लेक्सी थॉम्पसन यांनी एका प्रमुख महिला स्पर्धेत खूण करून उचललेला चेंडू सुमारे इंचभर बाजूला ठेवला. दूरचित्रवाणीच्या एका प्रेक्षकाने ते कळविले. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी सुरू असताना त्यांना चार फटक्यांचा दंड सांगण्यात आला : दोन चुकीच्या जागेबद्दल व दोन चुकीच्या गुणपत्रिकेबद्दल. आघाडी गेली आणि बरोबरीनंतरच्या खेळात विजेतेपदही गेले. त्याच महिन्यात नियामक संस्थांनी चित्रफितीच्या पुराव्यावर मर्यादा घातली. खेळाडूने जागेचा अंदाज प्रामाणिकपणे व वाजवी काळजीने केला असेल, तर नंतर चित्रफितीत फरक दिसला तरी तो ग्राह्य धरावा, असे तत्त्व स्वीकारले गेले.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, या नियमांचा रोख शिक्षेपेक्षा पूर्वस्थिती प्रस्थापित करण्याकडे अधिकाधिक वळला आहे. अपघात, निष्काळजीपणा आणि लबाडी यांना एकाच मापाने मोजणे अन्यायकारक ठरते, हे अनुभवांती मान्य झाले. त्याचबरोबर खेळाडूवरील जबाबदारी कमी न होता वाढली आहे. त्याच्या वाजवी अंदाजावर विश्वास ठेवावयाचा, तर तो अंदाज प्रामाणिक असला पाहिजे. आणि दंड झाला असल्यास तो स्वतःच जाहीर करावा, अशी नियमांची अपेक्षा आहे. शारीरिक शिक्षणाच्या वर्गात हा खेळ प्रत्यक्ष शिकविणे अनेक महाविद्यालयांना शक्य होणार नाही. परंतु कोणी पाहत नसताना इंचभर सरकलेल्या चेंडूचे काय करावे, हा प्रश्न कोणत्याही मैदानावर, किंबहुना कोणत्याही वर्गात विचारता येण्याजोगा आहे.