डोंगरातील शोधशर्यत

धावण्याच्या शर्यतीत पाय जिंकतात. परंतु पायांबरोबर बुद्धीचीही परीक्षा पाहणारी एक शर्यत आहे. स्टॉकहोमजवळ १९१९ साली मेजर किलांडर यांनी नकाशा व होकायंत्र देऊन शेकडो धावपटूंना रानात सोडले, तेव्हापासून या खेळाचा विशेष प्रसार झाला. धुळ्यानजीक लळिंग किल्ल्याच्या परिसरात आम्हीही तो एकदा शाळेतील मुलांकरिता योजिला.

पावसाळा सरताच सर्वेक्षण विभागाचा, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाचा नकाशा घेऊन आम्ही सारा डोंगर पायांखाली घातला. वनखात्याची अनुमती घेतली. नाल्याचे वळण, एकटा वृक्ष अशा ठिकाणी खुणा ठेविल्या. समोच्चरेषा दाट तेथे चढ उभा, हे मुलांस शिकविले. वाट मात्र त्यांनीच शोधावयाची.

चौघांचे एक पथक. पहिल्या पथकाचे तिघे धापा टाकीत आले. "गुरुजी, पहिले आम्हीच ना?" चौथा पाय मुरगळून नाल्यात बसला होता. त्यास शोधून आणीतो तो दिवेलागण झाली. दोष मुलांचा नव्हता. पहिल्या गड्याची वेळ धरण्याचा नियम आमचाच होता.

पुढील वर्षी नियम बदलला: शेवटचा गडी पोचेल तीच पथकाची वेळ, आणि खुणा मिळोत वा न मिळोत, ठरल्या घटकेस सर्वांनी परतावे. तेव्हा धट्टीकट्टी मुले आपण होऊन दुबळ्यांची ओझी उचलू लागली. धर्मराजाने स्वर्गद्वारीही सोबतच्या श्वानास टाकिले नाही, हे आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितले होते. ते मुलांस, आणि आम्हांसही, कळले लळिंगच्या उतारावर.