एक सेट-टॉप बॉक्स, दोन टीव्ही : गैरसमज आणि वस्तुस्थिती

केबलच्या एका सेट-टॉप बॉक्सवर दोन टीव्ही चालतात, पण दोन्हींवर एका वेळी एकच वाहिनी दिसते. या विषयातले बहुतेक गैरसमज एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात : वायर बॉक्सच्या आधी फोडली आहे की नंतर. भिंतीतून येणाऱ्या केबलमध्ये सगळ्या वाहिन्या एकत्र आणि कुलूपबंद असतात. बॉक्समधून टीव्हीकडे जाणाऱ्या वायरीत मात्र निवडलेल्या एकाच वाहिनीचे चित्र आणि आवाज असतो.

सर्वांत घट्ट रुजलेला समज जुन्या अनुभवातून आला आहे. केबलला स्प्लिटर लावून दुसरी वायर आतल्या खोलीत नेली की तिथला टीव्ही सुरू, असा तो अनुभव होता आणि तेव्हा तो खराही होता. अ‍ॅनालॉग केबलच्या काळात वाहिनी पकडण्याचे काम टीव्हीच करत असे, म्हणून एका वायरीवर तीन खोल्यांत तीन वेगळे कार्यक्रम दिसत. मुंबईत ही पद्धत बंद करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ला संपली. पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांसाठी ती ३१ मार्च २०१३ होती, उरलेल्या शहरी भागासाठी २०१५ ची अखेर आणि ग्रामीण भागासाठी ३१ मार्च २०१७. त्यानंतर केबलमधून डिजिटल संकेत येऊ लागले. पूर्वी एक वाहिनी जेवढी जागा घ्यायची तेवढ्यात आता दहाहून अधिक वाहिन्या मावतात. हे संकेत सांकेतिक कुलूप लावून पाठवले जातात आणि त्याची किल्ली बॉक्समध्ये असते. त्यामुळे बॉक्सच्या आधी स्प्लिटर लावून वायर थेट दुसऱ्या टीव्हीला जोडली तर पडद्यावर काही येत नाही.

नव्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर असतो, मग बॉक्स कशाला, असा प्रश्न यापुढे येतो. ट्यूनर संकेत ओळखतो, पण कुलूप उघडत नाही. म्हणूनच ‘ऑटो सर्च’ केल्यावर कधी कधी वाहिन्यांची लांबलचक यादी मिळते आणि त्यातली वाहिनी लावली की काळा पडदा दिसतो. टीव्हीत बिघाड नसतो.

बॉक्सच्या नंतर वायर फोडून दोन टीव्हींवर दोन वेगळ्या वाहिन्या पाहता येतील, हाही समज तितकाच पसरलेला आहे. साधा बॉक्स एका वेळी एकाच वाहिनीचे चित्र टीव्हीकडे पाठवतो. दिवाणखान्यात क्रिकेट लागले असेल तर झोपायच्या खोलीतही क्रिकेटच दिसणार. कितीही महाग स्प्लिटर घेतला तरी यात फरक पडत नाही. दोन वेगळे कार्यक्रम एकाच वेळी हवे असतील तर दुसरा बॉक्स घ्यावाच लागतो.

एकच कार्यक्रम दोन खोल्यांत चालणार असेल, तर मात्र खर्च फारसा नाही. बऱ्याच बॉक्सना मागे एचडीएमआयचे एक तोंड आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांसाठी एव्हीची जागा असते आणि अनेक बॉक्समध्ये दोन्ही एकाच वेळी सुरू राहतात. मोठा टीव्ही एचडीएमआयवर आणि दुसरा एव्हीवर जोडला की काम झाले. एव्हीवर चित्र एचडी दर्जाचे येत नाही, पण स्वयंपाकघरातल्या लहान पडद्यावर मालिका किंवा बातम्या पाहायला ते पुरते. काही विकत घेण्याआधी हा मार्ग तपासलेला बरा.

दोन्हीकडे एचडी हवे असेल तर एचडीएमआय स्प्लिटर लागतो आणि इथे खरेदीत हमखास गोंधळ होतो. स्प्लिटर एका बॉक्सचे चित्र दोन टीव्हींना देतो. त्याच्यासारखाच दिसणारा स्विच उलटे काम करतो, म्हणजे दोन यंत्रांपैकी एकाचे चित्र एका टीव्हीवर आणतो. दोन्ही बाजूंनी चालणारी, बटण असलेली स्वस्त डबी एका वेळी एकाच टीव्हीला चित्र देते. दोन्ही टीव्ही एकदम चालवायचे तर स्वतंत्र वीजपुरवठा असलेला स्प्लिटरच घ्यावा. त्याने चित्र फिके पडते, ही भीती निराधार आहे, कारण तो डिजिटल संकेताची नवी प्रत तयार करून पाठवतो. एक मर्यादा मात्र खरी आहे. दोन टीव्हींपैकी एक जुना, कमी रेझोल्यूशनचा असेल, तर अनेक स्प्लिटर दोन्हींना त्याच्याच पातळीवर आणतात. काही वाहिन्यांवर एचडीसीपी हे नक्कलविरोधी संरक्षण असते. ते न पाळणारा स्प्लिटर लावला तर त्या वाहिन्या दिसत नाहीत.

एव्हीची वायर साध्या ‘वाय’ जोडणीने दोन टीव्हींना दिली तर चित्र मंद होते. तिथे संकेताची प्रत होत नाही, तो नुसता वाटला जातो. त्यासाठी एव्ही डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. लांबीचाही विचार करावा लागतो : साधी एचडीएमआय वायर दहा मीटरपर्यंत सहसा त्रास देत नाही, त्यापुढे नेटवर्कच्या कॅट-६ वायरीवर चालणारा एचडीएमआय एक्स्टेंडर घेणे भरवशाचे.

रिमोट भिंतीपलीकडून चालेल, असे गृहीत धरल्याने सगळी जोडणी झाल्यावर निराशा पदरी येते. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट बहुधा अवरक्त किरणांवर चालतो आणि हे किरण भिंतीतून जात नाहीत. आयआर एक्स्टेंडर नावाचे छोटे उपकरण आतल्या खोलीतली रिमोटची खूण बॉक्सपर्यंत पोचवते. घरात चालायला त्रास होणारे ज्येष्ठ असतील आणि दुसरा टीव्ही त्यांच्यासाठी असेल, तर हा खर्च टाळू नये. वाहिनी बदलण्यासाठी प्रत्येक वेळी त्यांना कुणाला तरी हाक मारावी लागणे बरोबर नाही.

दुसरा बॉक्स घेतला की बॉक्सच्या आधीचा स्प्लिटर पुन्हा उपयोगी पडतो. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेवर संकेताची निम्म्याहून थोडी जास्त शक्ती कमी होते. डिजिटल चित्र अ‍ॅनालॉगसारखे हळूहळू मुंग्यामुंग्यांचे होत नाही. शक्ती एका मर्यादेपर्यंत घटली तरी ते स्वच्छ राहते आणि त्याखाली गेली की चौकोन पडून थांबते. असे होऊ लागले तर बॉक्स बदलण्याआधी स्प्लिटर, सैल पिना आणि विनाकारण लावलेले जादा सांधे तपासावेत.

एका बॉक्समधले कुलूप उघडणारे कार्ड काढून दुसऱ्यात घातले की वर्गणी वाचते, असेही काही जण मानतात. कार्ड सहसा विशिष्ट बॉक्सशी जोडलेले असते, त्यामुळे दुसऱ्या बॉक्समध्ये ते चालत नाही. शेजारच्या घराला वायर देणे हे तर एका घराच्या वर्गणीत बसतच नाही.

दुसऱ्या बॉक्सचे मासिक शुल्क पहिल्याइतकेच असते, हे गृहीत धरण्याचे कारण नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२० च्या दुरुस्तीनुसार त्याच घरातल्या पुढच्या जोडणीचे नेटवर्क क्षमता शुल्क (वाहिन्यांच्या दराव्यतिरिक्तचे मूळ मासिक शुल्क) पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे ठरले होते. जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादा उठली, त्यामुळे आज दर केबलचालकानुसार बदलू शकतो. नवी जोडणी घेण्याआधी दुसऱ्या टीव्हीसाठीचा वेगळा दर आणि त्यावर वाहिन्यांचा लहान पॅक घेता येतो का, हे विचारावे.

छतावर डिश असेल तर केबलचा स्प्लिटर तिथे चालत नाही. केबलचे स्प्लिटर बहुधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतचे असतात, तर डिशच्या वायरीतला संकेत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. शिवाय बॉक्स त्याच वायरीतून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून डिशच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीला कोणत्या ध्रुवीकरणाचे संकेत हवे ते सांगतो. एकाच वायरीवर दोन बॉक्स असले तर त्यांच्या सूचना एकमेकींत अडकू शकतात. अशा वेळी दोन तोंडांचा एलएनबी बसवून प्रत्येक बॉक्सला डिशपासून स्वतंत्र वायर आणावी लागते.