विजापूर : पश्चिमेकडून पाहावे असे शहर

सोलापूरच्या दक्षिणेला सुमारे 100 किलोमीटरवर असलेले विजापूर, ज्याचे अधिकृत नाव 2014 पासून विजयपुरा असे झाले आहे, हे 1490 ते 1686 या काळात आदिलशाहीच्या राजधानीचे शहर होते आणि 1956 पर्यंत ते मुंबई राज्यात मोडत असे. रेल्वे स्थानक शहराच्या पूर्व अंगाला आणि गोल घुमट त्याच्या अगदी जवळ असल्यामुळे बहुतेक प्रवासी सर्वप्रथम त्या अजस्र वास्तूत शिरतात, आणि एवढे भव्य काही पाहून झाल्यावर उरलेले शहर त्यांना किरकोळ वाटू लागते. वस्तुतः गोल घुमट ही या शहराच्या बांधकामपरंपरेची जवळजवळ अखेरची मोठी कृती आहे. तिच्यामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे, आणि तो समजून घ्यायचा असेल तर विजापूर पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत जाणे अधिक योग्य ठरते.

पश्चिमेची बाजू महत्त्वाची ठरली ती पाण्यामुळे. विजापूर ज्या पठारावर वसले आहे तेथे मोठी नदी नाही, पाऊस बेताचा पडतो आणि जमिनीखाली कठीण काळा पाषाण आहे. अशा ठिकाणी राजधानी टिकवायची तर पाणी दुरून आणणे भाग होते. म्हणून शहराच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर असलेल्या तोरवी गावाच्या परिसरातून भूमिगत मार्गाने पाणी आणले गेले, आणि पुढे मुहम्मद आदिलशहाने 1651 मध्ये शहराच्या दक्षिणेला बेगम तलाव बांधून त्यात भर घातली. हे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून, चुन्याच्या बांधकामात बसवून, उताराने शहरभर फिरवले होते. नळ जसजसा खाली उतरतो तसतसा आतील पाण्याचा दाब वाढतो आणि मातीचा नळ फुटण्याची भीती निर्माण होते. त्यावर उपाय म्हणून ठिकठिकाणी ‘गंज’ या नावाने ओळखले जाणारे उंच चौकोनी मनोरे उभारण्यात आले. पाणी या मनोऱ्यात वर चढे, तेथे उघड्या हवेशी संबंध येऊन त्याचा दाब मोडे, गाळ तळाशी बसे आणि निवळलेले पाणी पुढच्या नळात जाई. यातील काही मनोरे आजही रस्त्यांच्या कडेला उभे आहेत, पण तेथे थांबणारे प्रवासी विरळच. या शहराच्या वैभवाचे खरे मूळ मात्र तेथेच आहे.

तोरवीजवळच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 1599 मध्ये नौरसपूर नावाचे नवे नगर वसवण्यास सुरुवात केली होती. संगीतावर अपार प्रेम असलेल्या या सुलतानाने दखनी भाषेत ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह रचला आणि त्यात सरस्वती व गणपती यांना आदराचे स्थान दिले, ही गोष्ट दख्खनच्या संस्कृतीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी इतकी मोलाची आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1624 मध्ये नौरसपूर उद्ध्वस्त केले; आज तेथे संगीत महालाचे उंच कमानींचे अवशेष तेवढे दिसतात.

इब्राहिमची कबर असलेला इब्राहिम रोजा शहराच्या तटाबाहेर, पश्चिमेलाच आहे. एका विस्तीर्ण चौथऱ्यावर कबरीची इमारत आणि मशीद एकमेकींसमोर उभ्या असून त्यांच्यामध्ये हौद आहे. ही वास्तू मुळात ताज सुलताना या राणीसाठी योजिलेली होती. परंतु 1627 मध्ये इब्राहिमचाच मृत्यू आधी झाला आणि त्याला येथे दफन करण्यात आले. वास्तूचा निर्माता मलिक संदल याचे नाव तेथील फारसी शिलालेखात आले असून तिच्यासाठी दीड लाख होनांच्या घरात, म्हणजे तत्कालीन सोन्याच्या नाण्यांत, खर्च झाल्याची नोंदही त्यात आहे. खिडक्यांच्या दगडी जाळ्या नक्षीऐवजी अक्षरांच्या आहेत, म्हणजे अक्षरांमधील मोकळ्या जागा कोरून काढल्या आहेत आणि प्रकाश त्या अक्षरांभोवतीनेच आत येतो. याहून थक्क करणारी गोष्ट कबरीच्या दालनात आहे. सुमारे 12 मीटर चौरस असलेल्या या दालनाचे दगडी छत मध्यभागी पूर्णपणे सपाट आहे आणि त्याला खालून एकही खांब नाही. कडेच्या भागाला आतल्या बाजूला बाक देऊन मधले अंतर कमी केले आहे आणि मधले दगड मुख्यतः चुन्याच्या पकडीवर एकमेकांना धरून राहिले आहेत. विजापूरच्या गवंड्यांचा आपल्या चुन्यावर किती भरवसा होता हे येथे कळते, आणि पुढे गोल घुमटात त्याच भरवशाची अखेरची कसोटी लागली.

रोजाकडून शहरात येताना तट लागतो. विजयनगरविरुद्धच्या 1565 च्या विजयानंतर पहिल्या अली आदिलशहाने सुमारे 10 किलोमीटर परिघाचा हा तट बांधून घेतला आणि त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या सरदारांकडे सोपवले, त्यामुळे बुरुजांची घडण सर्वत्र सारखी नाही. पश्चिमेच्या शेर्झा बुरुजावर मुलूखमैदान तोफ आहे. ती मुळात विजापूरची नव्हे. 1549 मध्ये अहमदनगर येथे मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने निजामशाहीसाठी ती ओतली, पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तेथून 1632 मध्ये विजापुरास आणली गेली. सुमारे 55 टन वजनाच्या या ओतीव तोफेचे तोंड हत्तीला गिळणाऱ्या हिंस्र पशूच्या जबड्यासारखे घडवले आहे. जवळच्या उपळी बुरुजावरची सुमारे 9 मीटर लांबीची तोफ याउलट लोखंडी पट्ट्या जोडून, त्यांवर कड्या चढवून तयार केलेली, म्हणजे बांगडी पद्धतीची आहे. दोन्ही तोफा लागोपाठ पाहिल्यास धातुकामाच्या दोन भिन्न पद्धती सहज ध्यानात येतात.

तटाच्या आत, मक्का दरवाजाजवळ ताज बावडी आहे. सुमारे 10 मीटर रुंदीच्या भव्य कमानीतून उतरत जाणाऱ्या पायऱ्या एका प्रचंड चौकोनी जलाशयापर्यंत नेतात, आणि सभोवती वाटसरूंच्या निवासाच्या ओवऱ्या आहेत. दुसरी मोठी विहीर, चांद बावडी, 1579 ची असून ती पहिल्या अलीची पत्नी चांदबिबी हिच्या नावाने ओळखली जाते. अहमदनगरची ही राजकन्या पतीच्या निधनानंतर बाल इब्राहिमच्या वतीने विजापूरचा कारभार पाहत होती आणि पुढे मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला तिने लढवला. ताज बावडीतील गाळ अलीकडच्या काळात काढण्यात आला, ही समाधानाची बाब आहे. पण विहिरी एकदा साफ करून भागत नाही, त्यांची देखभाल सतत व्हावी लागते.

शहराच्या मध्यभागी बालेकिल्ला आहे आणि त्यात 1561 च्या सुमाराचा गगन महाल. त्याच्या तीन कमानींपैकी मधली अतिशय रुंद असून तिच्यामागे दरबाराचा चौक होता. 1686 मध्ये शेवटचा सुलतान सिकंदर याला औरंगजेबासमोर याच परिसरात शरण यावे लागले, असे परंपरा सांगते. बालेकिल्ल्याबाहेरचा बारा कमान हा दुसऱ्या अलीच्या कबरीसाठी आरंभलेला पण अर्धवट राहिलेला समूह आहे, आणि छत नसल्यामुळे कमानी कशा उभ्या केल्या जात हे तेथे जितके स्पष्ट दिसते तितके पूर्ण झालेल्या कोणत्याही इमारतीत दिसत नाही.

इंग्रजी राजवटीत, 1885 मध्ये विजापूर जिल्ह्याचे ठाणे झाल्यावर, सरकारी कचेऱ्या व अधिकाऱ्यांची निवासस्थाने थेट या वास्तूंमध्येच थाटण्यात आली. एका मशिदीत तर टपाल कचेरी होती. लॉर्ड कर्झनने या प्रकारास आक्षेप घेऊन वास्तू मोकळ्या करण्याचे आदेश दिले, आणि प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा 1904 चा कायदाही त्याच्याच कारकिर्दीतला आहे. या वास्तूंचे साक्षेपी सर्वेक्षण हेन्री कझिन्स याने केले व त्याचा ग्रंथ 1916 मध्ये प्रसिद्ध झाला; विजापूरच्या अभ्यासकाला आजही तो टाळता येत नाही.

एवढे पाहून पूर्वेला गोल घुमटापाशी यावे. इब्राहिमचा पुत्र मुहम्मद आदिलशहा याने आपल्या कबरीसाठी ही वास्तू बांधली. वडिलांच्या रोजाच्या नाजूक कोरीवकामापुढे जाणे शक्य नव्हते, म्हणून त्याने आकाराचा मार्ग निवडला, असे अनेक जाणकारांना वाटते आणि वास्तू पाहिल्यावर ते पटते. आतील दालन प्रत्येक बाजूस सुमारे 41 मीटर, म्हणजे सुमारे 1,700 चौरस मीटर आहे. रोममधील पँथियनच्या दालनापेक्षाही हे क्षेत्र अधिक भरते. चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसवायचा तर कोपरे भरून काढावे लागतात. येथे त्यासाठी आठ टोकदार कमानी अशा उभारल्या आहेत की त्या एकमेकींना छेदत जातात, आणि त्यांच्या छेदांतून वर एक वर्तुळाकार बैठक तयार होते, जिच्यावर घुमट टेकतो. घुमटाचे वजन पायथ्याशी भिंतींना बाहेर ढकलू पाहते. पण आत झुकलेल्या कमानींचे आणि त्यावरच्या बांधकामाचे वजन त्या रेट्याला आतून विरोध करते, त्यामुळे दोन्ही बले एकमेकांना सावरून धरतात. बाहेरून सुमारे 44 मीटर व्यासाचा हा घुमट विटा आणि चुन्यात बांधला आहे.

कमानींच्या वरच्या या बैठकीमुळे घुमटाच्या आत सभोवार एक सज्जा तयार झाला आहे. त्याच्या एका टोकाला भिंतीशी हळू बोललेले शब्द वक्र पृष्ठभागाच्या कडेने सरकत समोरच्या टोकाला, सुमारे 38 मीटरवर, स्पष्ट ऐकू येतात. टाळी वाजवल्यास तिचे प्रतिध्वनी अनेकदा परततात. दुर्दैवाने दिवसा तेथे आरडाओरडीचीच चढाओढ लागते आणि या ध्वनिगुणाचा अनुभव कुणालाच नीट घेता येत नाही, म्हणून प्रवेश सुरू होताच सकाळी लवकर वर जावे. कोपऱ्यांतील सात मजली अष्टकोनी मनोऱ्यांतून वर जाणाऱ्या पायऱ्या अरुंद आहेत, हे ज्येष्ठांनी आधीच लक्षात घ्यावे. खाली मध्यभागी लाकडी छत्रीखाली दिसतात त्या केवळ खुणेच्या समाध्या असून मूळ कबरी तळघरात आहेत. दर्शनी बाजूच्या नगारखान्यात 1892 पासून संग्रहालय आहे. शिलालेख, हस्तलिखिते व शस्त्रे पाहण्यासाठी तेथे निदान तासभर राखून ठेवावा, आणि शुक्रवारी ते बंद असते याचा विचार करूनच प्रवासाचा दिवस ठरवावा.