‘सी प्रॉम्प्ट’ म्हणजे डॉस नव्हे! मग ती काळी स्क्रीन नेमकी काय होती?

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या कुणालाही विचारा, डॉस म्हणजे काय? उत्तर ठरलेलं असतं. काळी स्क्रीन, ‘सी:\>’ ही अक्षरं आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.

पण ती काळी स्क्रीन म्हणजे डॉस नव्हतं. ते डॉसचं फक्त ‘शेल’ होतं. हा फरक माहीत नसला, तर तो महागातही पडू शकायचा.

कधी कधी कॉम्प्युटर सुरू करताच ‘बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रिटर’ असा मेसेज यायचा आणि सगळं तिथेच थांबायचं. डॉसच उडालं, असं वाटून हार्ड डिस्क फॉरमॅट केली की सगळ्या फायली हातच्या जायच्या. खरं तर अनेकदा एकच फाइल हरवलेली असायची.

एका डॉसमध्ये तीन फायली

मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसमध्ये तीन मुख्य फायली होत्या.

पहिली आयओ.सिस. कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क अशा उपकरणांशी बोलणं हे तिचं काम.

दुसरी एमएसडॉस.सिस. डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे, मेमरीतली जागा कोणत्या प्रोग्रॅमला द्यायची, हा हिशेब ती ठेवायची. या दोन्ही फायली लपवलेल्या असायच्या. खरी ऑपरेटिंग सिस्टीम ती हीच.

तिसरी कमांड.कॉम. नाव वेबसाइटसारखं वाटलं तरी हा एक साधा प्रोग्रॅम होता. ‘सी:\>’ दाखवायचं, टाइप केलेली आज्ञा वाचायची, ती पूर्ण करून घ्यायची आणि पुन्हा ‘सी:\>’ दाखवायचं. हे झालं शेल.

‘डीआयआर’ टाइप केलं की फायलींची यादी यायची. ही आज्ञा ओळखायचं कमांड.कॉम. मग ते एमएसडॉस.सिसला विचारायचं, पहिली फाइल कोणती? त्यानंतरची कोणती? मिळालेली नावं नीट मांडून दाखवायचं. म्हणजे बँकेच्या खिडकीवरचा कारकून आणि आतलं खातेवहीचं दप्तर, असा हा प्रकार. खिडकी बंद झाली म्हणून खात्यातले पैसे जात नाहीत.

म्हणूनच त्या मेसेजवरचा उपाय सोपा होता. डॉसच्या त्याच आवृत्तीच्या फ्लॉपीवरून कॉम्प्युटर सुरू करायचा आणि कमांड.कॉम पुन्हा हार्ड डिस्कवर कॉपी करायची. बाकीच्या फायली जिथल्या तिथे असायच्या.

शेल नसतानाही काम चालायचं

त्या काळी मेमरी तुटपुंजी होती. त्यामुळे कमांड.कॉमचा छोटा भाग मेमरीत कायम राहायचा, पण मोठ्या भागाची जागा गरज पडल्यास दुसरा प्रोग्रॅम वापरू शकायचा. शेलचा बराचसा भाग पुसला गेला तरी गेम चालू, फायली उघडतायत, सगळं सुरळीत!

गेम संपला की तो भाग डिस्कवरून परत आणला जायचा. ड्राइव्हमध्ये दुसरीच फ्लॉपी असेल, तर कमांड.कॉम असलेली फ्लॉपी घाला, अशी सूचना यायची.

‘शेल’ हे नाव कुठून आलं?

१९६०च्या दशकात अमेरिकेत मल्टिक्स या सिस्टीमची आखणी सुरू असताना फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझां यांनी हा शब्द वापरात आणला. शेल म्हणजे कवच. आतला गाभा तो कर्नल. नारळाच्या भाषेत सांगायचं तर करवंटी आणि खोबरं.

कमोडोर ६४ची गंमत

१९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरमध्ये तर ‘सी:\>’ नव्हतंच. सुरू केला की ‘रेडी’ असा शब्द दिसायचा. तो बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचा. शेलचं काम इथे बेसिकच करायची.

कीबोर्ड, स्क्रीन, टेप यांची मूलभूत कामं मात्र ‘कर्नल’ या वेगळ्या भागाकडे होती. बेसिक आणि कर्नल दोन्ही आठ-आठ किलोबाइटच्या रॉममध्ये बसवलेले. गेमचं कार्ट्रिज लावलं तर बेसिक न दिसताच गेम थेट सुरू व्हायचा. फ्लॉपीवरच्या फायलींचा हिशेब तर १५४१ हा डिस्क ड्राइव्ह स्वतःच ठेवायचा, त्यात वेगळा प्रोसेसर होता!

चित्रांचं शेल

शेल काळंच असावं असं नाही. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये आयकॉनच्या चौकटी दाखवणारा ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ हेही शेलच होतं. सिस्टीम.आयएनआय या फाइलमधली एक ओळ बदलली की त्याच्या जागी दुसरं शेल यायचं. विंडोज तीच, चेहरा नवा.

आज याचा उपयोग काय?

आजच्या विंडोजमधली ‘कमांड प्रॉम्प्ट’ची काळी खिडकी म्हणजे डॉस नव्हे, तेही एक शेलच आहे. आणि टास्कबार, डेस्कटॉप दाखवणारं शेल म्हणजे ‘एक्सप्लोरर’.

एखाद्या दिवशी टास्कबार आणि आयकॉन अचानक गायब झाले, तर लगेच बटण दाबून कॉम्प्युटर बंद करू नका. अनेकदा फक्त शेल कोसळलेलं असतं, उघडी असलेली फाइल मागे शाबूत असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘रन न्यू टास्क’ निवडा आणि इंग्रजीत ‘एक्सप्लोरर’ टाइप करून एंटर दाबा. बहुतेक वेळा डेस्कटॉप परत येतो.

करवंटी फुटली म्हणून खोबरं फेकून द्यायचं नसतं!