जिन्याखालचं बाळंतपण

श्रावणातली रात्र होती. बाहेर पावसाची झिमझिम चालू होती आणि आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, जुन्या सायकलींच्या मागे ठेवलेल्या खोक्यात मनी मांजरीचं आत-बाहेर चाललं होतं. ती कुणाचीच नव्हती. वॉचमनकाकांच्या डब्यातल्या घासावर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ठेवलेल्या वाटीवर वाढलेली. त्या दिवशी संध्याकाळपासून तिने कशालाच तोंड लावलं नव्हतं. खोक्यात अंथरलेली सुती साडी ती पंजांनी उकरायची, थोडं धापायची, मग पडून घुरघुरायची. मी टॉर्च लावून वाकून बघत होते. आजींनी माझ्या हातातला टॉर्च काढून घेतला. "दिवस भरले तिचे. दिवा मालव आणि लांब बस. तिचं तिला करू दे."

दिवा मालवून लांब बसणं ही प्रसूतीच्या शास्त्रातली पहिल्या दर्जाची मदत आहे, हे मला त्या रात्रीनंतर वाचताना उमगलं.

मांजरीचे दिवस भरायला साधारण 63 ते 65 दिवस लागतात. पाळलेल्या मांजरीचा हिशेब ठेवता येतो, भटक्या मांजरीच्या मात्र खुणाच वाचाव्या लागतात. सड फुगतात, पोट खाली उतरतं, ती अंधाऱ्या सांदीकोपऱ्यांचा शोध घेऊ लागते. प्रसूतीच्या सुमारे एक दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने कमी होतं आणि त्याबरोबर अंगाचं तापमानही उतरतं. एरवी 38 ते 39 अंश सेल्सिअस असणारं तापमान 37.8 च्या खाली येतं. पण हे वाचून कुणी भटक्या मांजरीला थर्मामीटर लावायला जाऊ नये. तिला धरून, घाबरवून मिळवलेला आकडा तिच्या काहीच कामाचा नाही.

घाबरवण्याचा मुद्दा इतका महत्त्वाचा का, ते कळण्यासाठी 1906 सालच्या लंडनमध्ये जावं लागेल. हेन्री डेल हा तरुण शरीरशास्त्रज्ञ तेव्हा निरनिराळ्या अर्कांचे परिणाम तपासत होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क त्याने वापरला आणि गाभण मांजरीचं गर्भाशय जोराने आकुंचन पावलं. ज्या द्रव्यामुळे हे घडलं त्याला पुढे 'लवकर प्रसूती' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ऑक्सिटोसिन हे नाव पडलं. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू विनो यांनी त्याची नऊ अमिनो आम्लांची रचना उलगडली, ते प्रयोगशाळेत तयारही केलं आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आज जगभरच्या प्रसूतिगृहांत कळा वाढवण्यासाठी सलाइनमधून जे औषध देतात, ते हेच. त्याचा गुण माणसाला पहिल्यांदा दिसला तो एका मांजरीत. जिन्याखालच्या मांजरीचं आपण काही देणं लागतो असं मला वाटतं, त्याचं हेही एक कारण आहे.

पिल्लू खाली सरकलं की गर्भाशयाचं तोंड ताणलं जातं. तो ताण मेंदूला कळतो, मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, कळ वाढते, पिल्लू आणखी सरकतं. हे चक्र स्वतःच स्वतःला वेग देतं. पण मांजर घाबरली की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, कळा मंदावतात आणि ऑक्सिटोसिनचा ओघही आटतो. रानात हे शहाणपणाचंच आहे. समोर शत्रू उभा असताना पिल्लू जन्माला घालून काय उपयोग? म्हणूनच मांजरीची प्रसूती मध्येच काही तास, कधी कधी जवळजवळ दिवसभर थांबते आणि नंतर पुन्हा सुरळीत सुरू होते.

आमच्या मनीचं तेच झालं. एकच्या सुमारास पहिलं पिल्लू आलं. ओलसर, पातळ पिशवीत गुंडाळलेलं, बोटभर लांब. तिने दातांनी पिशवी फाडली आणि खरखरीत जिभेने त्याचं तोंड इतक्या जोराने चाटायला लागली की पिल्लू उलटसुलट होत होतं. माझा जीव वरखाली होत होता. पण त्या चाटण्यानेच नाकातोंडातलं पाणी निघतं आणि पहिला श्वास सुरू होतो. एक बारीक चिरका आवाज आला. मग तिने नाळ कुरतडली आणि मागून पडलेली वार खाऊन टाकली. अर्ध्या तासात दुसरं पिल्लू. तेवढ्यात कुणीतरी मोटारसायकल आत घेतली, हेडलाइटचा झोत थेट खोक्यावर पडला. मनी ताडकन उठली. त्यानंतर सगळं थांबलं.

दोन वाजता, अडीच वाजता, काहीच नाही. घाबरून मी ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: जोर करतेय का, रक्त जातंय का, झालेल्या पिल्लांना पाजतेय का. जोर नव्हता, रक्त नव्हतं, दोन्ही पिल्लं सडाला चिकटली होती. "मग खोक्यावर चादर टाका आणि वाट बघा." आम्ही खोक्याची एक बाजू मोकळी ठेवून चादर टाकली, जिन्यातला दिवा बंद केला, वॉचमनकाकांनी गेट लावून घेतलं. साडेपाचला तिसरं पिल्लू आलं, तेही शेपटीकडून. मांजरांत बरीच पिल्लं अशी उलटी येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उजाडेपर्यंत चौथंही आलं.

थांबायचं कधी आणि धावायचं कधी, हे मात्र पक्कं माहीत हवं. मांजर जोराने कळा देतेय आणि वीस मिनिटं, अर्धा तास होऊनही पिल्लू येत नाही, पिल्लू अर्धवट बाहेर येऊन अडकलंय, ताजं लाल रक्त वाहत राहिलंय, स्रावाला दुर्गंधी आहे किंवा मांजर निपचित पडलीय, तर पहाट होण्याची वाट बघू नका. तिला पेटीत घालून डॉक्टरांकडे न्या. अडकलेलं पिल्लू ओढू नका. आणि गोठ्यात पान्हा सोडवण्यासाठी चोरून वापरतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कुणी सुचवलं, तर साफ नकार द्या. वाट अडलेली असताना कळा वाढवल्या तर गर्भाशय फाटू शकतं. ते औषध तपासणीनंतर डॉक्टरांनीच द्यायचं.

पिल्लांसाठी पहिले काही तास सोन्याचे. गाईच्या चिकाचं महत्त्व आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मांजरीचा चीकही तसाच. त्यातली प्रतिपिंडं पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जातात, पण हे दार जन्मानंतर साधारण 16 तासांत बंद होतं. म्हणून पिल्लं 'बघायला' आईपासून उचलून नेऊ नयेत. शंभर ग्रॅमच्या आसपासचं हे पिल्लू थंडीने कुडकुडूसुद्धा शकत नाही, आईच्या पोटाची ऊब हाच त्याचा आधार. आई चाटल्याशिवाय त्याला शी-शूही होत नाही. आई काही वेळ दूर गेलीच, तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. पिल्लांना गाईचं दूध पाजू नये, त्यांना जुलाब होतात. खायला घालायचं ते आईला, आणि भरपूर. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. उकडलेलं, बिनमिठाचं, बिनमसाल्याचं चिकन, अंडं, मांजरांचं तयार खाणं आणि शेजारी स्वच्छ पाणी.

स्वच्छतेच्या ओढीने आपण एक घोर चूक करतो. आमच्याही इमारतीत सकाळी सफाईला आलेल्या मावशी खोक्याभोवती फिनाईल टाकायला निघाल्या होत्या. मांजरीचं यकृत फिनॉलच्या जातीची द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं एक विकर तिच्याकडे जवळपास नसतंच. फिनाईल पंजाला लागतं, पंजा ती चाटते, आणि तीच जीभ पिल्लांवर फिरते. याच कारणामुळे माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. खोक्यातलं ओलं फडकं बदलावं, साध्या साबणाच्या पाण्याने फरशी पुसावी, बास. तिने चावा घेतला किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा. बाळंतिणीचा राग मोठा असतो.

सहाव्या दिवशी खोकं रिकामं दिसलं. "मांजर पिल्लांना सात घरं फिरवते," आजी म्हणाल्या. सात हा आकडा काही शास्त्राचा नाही, पण जागा बदलणं खरं. वास साचला, माणसांची वर्दळ वाढली, बोक्याची चाहूल लागली की ती पिल्लाला मानेच्या सैल कातडीला धरून उचलते आणि पिल्लू क्षणात पाय आखडून निमूट लोंबकळतं. सारा भार देवावर टाकून निर्धास्त राहायला सांगणारा, आपल्या भक्तिविचारातला मार्जारन्याय याच दृश्यावरून आलाय. पिल्लं गच्चीच्या जिन्यात, जुन्या पाण्याच्या टाकीमागे सापडली. आम्ही खाण्याची वाटी तिकडे हलवली, पिल्लांना हात लावला नाही. दहाव्या दिवशी पहिल्या पिल्लाचे डोळे किलकिले झाले.

आता एक विनंती. मांजरीच्या शरीरात बीज बाहेर पडतं ते बहुतेक वेळा समागमामुळे, म्हणून तिला दिवस जवळपास हमखास राहतात. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि त्या पिल्लांतल्या माद्याही पाच-सहा महिन्यांत वयात येतात. तुमच्या जिन्याखाली कुणी व्यायली असेल, तर कॅलेंडरवर तो दिवस लिहून ठेवा. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागली की जवळच्या पशुवैद्यांकडून किंवा प्राणिमित्र संस्थेकडून आईच्या नसबंदीची तारीख घ्या. आमच्या मनीची शस्त्रक्रिया दसऱ्यानंतर झाली. भूल उतरल्यावर ती दोन दिवस आजींच्या घरात राहिली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सायकलींच्या मागे येऊन बसली.